वाटसरूचा धर्म

आपल्या परंपरेने अतिथीचा विचार पुष्कळ केला आहे. दारी आलेल्याला आधी पाणी द्यावे, बसावयास आसन द्यावे, जेवणवेळी आला असेल तर त्याच्यासाठी पान मांडावे, हे कोणी शिकवावे लागत नाही; घरातील वडीलधाऱ्यांचे वागणे पाहूनच ते मुलांच्या अंगी उतरते. अतिथीने कसे वागावे ह्याचेही संकेत आहेत. परंतु जो दाराशी थांबतच नाही, पाणी मागत नाही, नाव सांगत नाही, केवळ आपल्या गावातून पलीकडच्या गावाला निघून जातो, त्याचा धर्म कोणता? ह्या प्रश्नाकडे आपले फारसे लक्ष गेलेले नाही, आणि त्याला कारणही आहे. पायी जाणारा किंवा बैलगाडीने जाणारा मनुष्य एखादे गाव ओलांडीपर्यंत परका राहतच नसे. बैलांना पाणी पाजावे लागे, वाट विचारावी लागे, पाराच्या सावलीत घटकाभर टेकावे लागे. तेवढ्यात त्याचे गाव, त्याचे कूळ आणि त्याच्या प्रवासाचे कारण ही तिन्ही साऱ्या गावाला ठाऊक होत. वाटसरू आणि गाव ह्यांच्यामधील हा सहज परिचय वेगाने नाहीसा केला, आणि मग वाटसरूच्या धर्माचा प्रश्न उभा राहिला.

मोटारसायकलीच्या बाबतीत तो विशेष तीव्र आहे. मोटारीतील मनुष्य काचेआड असतो. आगगाडीतील मनुष्याला गाव दिसते, पण त्याचा गावाशी संबंध येत नाही. मोटारसायकलस्वार मात्र गावाच्या अगदी अंगाला घासून जातो. चुलीच्या धुराचा वास त्याला येतो, अंगणातील बोलणे त्याच्या कानी पडते. आणि त्याचा आवाज तर घरातल्या पाळण्यापर्यंत पोहोचतो. आपल्या खेड्यांनी ह्या यंत्राला ‘फटफटी’ हे नाव दिले ते त्याच्या रूपावरून नव्हे की वेगावरून नव्हे, आवाजावरून दिले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

टिळकवाडीतील वाचकांना हे निराळे सांगावयास नको. १९२४ साली महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली येथे जे अधिवेशन भरले त्याच्या स्मरणार्थ ज्याला काँग्रेस रोड म्हणतात, त्याच रस्त्याने सुटीच्या दिवशी पहाटे तरुणांचे ताफे निघतात. पिरनवाडी, किणये, जांबोटी, कणकुंबी आणि मग चोर्ल्याचा घाट उतरून गोवा. एका सकाळच्या ह्या वाटेवर कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोवा ह्या तीन राज्यांच्या सीमा एकमेकींना भिडतात. कन्नड, मराठी आणि कोंकणी ह्या तीन भाषा कानावर पडतात. परमुलुखात जावयाचे तर समुद्र ओलांडावा लागतो असे नाही. १९६१ च्या डिसेंबरपर्यंत गोवा आपल्याला अक्षरशः परदेश होता, आणि १९५५ नंतरच्या काही वर्षांत बेळगावातील कित्येक कुटुंबांना आपल्या कुलदेवतेच्या दर्शनाला जाणेही दुरापास्त झाले होते. त्याच १९५५ साली मद्रासेस एन्फील्ड कंपनीच्या मोटारसायकली बनू लागल्या. त्या काळी तालुक्याच्या गावी एखाद्या डॉक्टरकडे वा ओव्हरसिअरकडे असे वाहन असे, आणि लांबून आवाज आला की कोण आले हे गाव ओळखत असे. आज वीस-वीस जणांचा ताफा येतो आणि त्यातील एकही चेहरा गावाला दिसत नाही.

ह्या विषयाचे एक खरे उदाहरण आपल्याच लोकांच्या वागण्यातून घडले आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये महाराष्ट्रातून मोटारसायकलींवर निघालेली एक मंडळी भूतानात पोहोचली. थिंफूहून पुनाखाकडे जाताना दोचुला नावाची खिंड लागते. तेथे एकशे आठ चोर्तेन, म्हणजे बौद्ध स्तूप, एका टेकडीवर उभारलेले आहेत. त्या मंडळींपैकी एक जण तेथील एका चोर्तेनच्या माथ्यावर चढला आणि त्याने आपले छायाचित्र काढून घेतले. ते छायाचित्र सर्वत्र पसरले, भूतानात संतापाची लाट उठली, आणि तेथील पोलिसांनी त्या गृहस्थाला चौकशीसाठी ताब्यात घेतले. हे चोर्तेन कशासाठी उभे आहेत हे समजले म्हणजे मन अधिकच खिन्न होते. भारताच्या ईशान्य भागात बंडाळी माजविणाऱ्या संघटनांनी भूतानच्या जंगलात तळ ठोकले होते. डिसेंबर २००३ मध्ये भूतानने लष्करी कारवाई करून त्यांना हुसकावून लावले. तीत जे भूतानी सैनिक पडले त्यांच्या स्मरणार्थ हे स्तूप बांधण्यात आले. म्हणजे ज्यांच्या मृत्यूत आपल्या देशाचेही थोडेफार हित होते, त्यांच्याच स्मारकावर आपला एक देशबांधव बूट घालून उभा राहिला.

त्याला हे ठाऊक नसणार. ठाऊक असते तर तो चढला नसता, असे मानण्याइतका विश्वास आपण माणसावर ठेवावा. पण येथेच नीतीचा खरा प्रश्न सुरू होतो. ‘मला ठाऊक नव्हते’ हे उत्तर स्वतःच्या गावात क्षम्य ठरू शकेल, कारण तेथे मनुष्याला आपल्याला सर्व ठाऊक आहे असे वाटणे स्वाभाविक असते. परगावात मात्र आपण अजाण आहोत ही एकच गोष्ट आपल्याला निश्चितपणे ठाऊक असते. कोणता दगड नुसता दगड आणि कोणता देव, कोणते मोकळे मैदान खेळाचे आणि कोणते मसणवटीचे, कोणत्या घरासमोर आज मांडव आहे आणि कोणत्या घरात आज मयत, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. ज्याला आपले अज्ञान माहीत आहे त्याचे अज्ञान त्याचा बचाव करू शकत नाही; उलट ते त्याच्यावर एक कर्तव्य लादते. ते कर्तव्य मोठे अवघड आहे अशातला भाग नाही. विचारावे, आणि विचारणे शक्य नसेल तेथे हळू जावे. हळू जाणे हीसुद्धा विचारण्याचीच एक रीत आहे. हळू जाणाऱ्याला गाव हाताने खूण करू शकते, थांबवू शकते, ‘इकडून नको, तिकडून जा’ असे सांगू शकते. साठच्या वेगाने जाणाऱ्याला ते काय सांगणार?

अतिथीच्या बाबतीत यजमानाच्या हाती काही गोष्टी असतात. तो दार उघडतो किंवा उघडत नाही, नाव विचारतो, फार झाले तर निरोप देतो. गावातून जाणाऱ्या स्वाराच्या बाबतीत ह्यातील एकही गोष्ट गावाच्या हाती उरलेली नाही. त्याला कोणी बोलावलेले नसते आणि कोणी परत पाठवूही शकत नाही. आतिथ्याचा व्यवहार दोघांनी मिळून सांभाळावयाचा. येथे एका पक्षाचे हात बांधलेले असल्यामुळे त्याचा सगळा भार दुसऱ्यावर येऊन पडतो, असे माझे मत आहे. गोव्यातील खेड्यात परका दिसला की ‘खंयचो रे तूं?’ असे विचारतात. आमच्या सीमाभागात ‘कुठलं गाव पाव्हणं?’ असे विचारतील, नाहीतर ‘याव ऊरु?’ असे. भाषा तीन, प्रश्न एकच. शहरी मनुष्याला ह्या प्रश्नात उगीचच चौकशी दिसते. वस्तुतः तो गावाचा हक्क आहे. शिरस्त्राण कायद्याने घालावेच लागते आणि ते घालणे शहाणपणाचेही आहे; परंतु वस्ती लागली की त्याची काच वर करण्यास कायद्याची हरकत नाही. चेहरा दिसला म्हणजे अर्धे उत्तर मिळाले. उरलेले अर्धे मान किंचित लवविण्याने मिळते.

कोणी म्हणेल, रस्ता सरकारी आहे, आम्ही कर भरतो, मग ही आर्जवे कशासाठी? रस्ता सरकारी आहे हे खरेच. पण खेड्यात रस्ता हा केवळ रस्ता नसतो. घराची जोती थेट त्याला लागलेली असतात. त्यावर मुले खेळतात, म्हातारी माणसे उन्हाला बसतात, म्हशी पाण्यावरून परततात, आणि देवाची पालखीही त्यावरूनच जाते. रस्त्याचा हक्क सर्वांचा, पण त्याच्या कडेने जे जीवन चालले आहे त्यावर आपला काय हक्क? कायद्याने ह्या गोष्टीची जाणीव अगदीच ठेवली नाही असे नाही. इंग्लंडात १८६५ च्या कायद्याने वाफेच्या गाड्यांना खेड्यातून ताशी दोन मैलांपेक्षा अधिक वेगाने जाण्यास बंदी होती, आणि पुढे साठ यार्डांवर एक मनुष्य लाल निशाण घेऊन चालत असे. हा कायदा हास्यास्पद ठरून १८९६ साली मोडीत निघाला. पण त्याच्या मुळाशी असलेली भीती हास्यास्पद नव्हती. आपल्याकडील १९८९ च्या रस्तेनियमांतही मिरवणुकीजवळून जाताना वेग ताशी पंचवीस किलोमीटरहून अधिक असू नये असे कलम होते. २०१७ साली त्या नियमांची जागा नव्या नियमांनी घेतली. नियम येतील आणि जातील. पालखीसमोर गाडी बंद करून उभे राहावे हे मात्र कोणत्याही कलमात लिहिलेले नसते.

थोडा हिशेब करू. ताशी साठ किलोमीटर वेग म्हणजे एका सेकंदाला सुमारे सतरा मीटर. तीस म्हणजे सव्वाआठ मीटर. वेग दुप्पट झाला की वाहनाचा आघात दुप्पट होत नाही, चौपट होतो. आणि ब्रेक दाबल्यापासून गाडी थांबेपर्यंतचे अंतरही चौपट लागते. अंगणातून चेंडूमागे धावत आलेले मूल रस्त्याच्या मध्यावर यावयास दोन सेकंद पुरतात. आता दुसरी बाजू पाहा. वस्तीचा भाग अर्धा किलोमीटर लांबीचा धरला तर साठच्या वेगाने तो अर्ध्या मिनिटात संपतो, तीसच्या वेगाने एका मिनिटात. एका गावामागे अर्धे मिनिट. वाटेत दहा गावे असली तर पाच मिनिटे. गोव्याला जाऊन चहा पिण्यास पाच मिनिटे उशीर होतो, एवढीच ह्या सौजन्याची किंमत आहे. इतक्या स्वस्तात मिळणारा सद्गुण दुसरा मला तरी आठवत नाही, आणि तरीही तो दुर्मिळ असावा ह्याचे आश्चर्य वाटते.

जनावरांविषयी एक-दोन शब्द अवश्य लिहावयास हवेत, कारण शहरात वाढलेल्या तरुणाला ते कळत नाही. म्हैस आवाजाने बाजूला होत नाही, थबकते. मागून कर्णा वाजविला की ती गोंधळून आडवी होते. शेळीचे एक पोर रस्ता ओलांडून गेले की मागचे दुसरे धावणारच. गुरामागे गुराखी असतो, बहुधा पोरसवदा. त्याच्याकडे पाहून थांबले की तो आपण होऊन वाट करून देतो. कुत्रे मागे लागले म्हणून त्याला लाथ उगारणारे स्वार मी पाहिले आहेत. ते कुत्रे त्याच्या घराची राखण करीत असते. त्याला आपले काम करू द्यावे.

आपल्या पूर्वजांनी गावाच्या सीमेला फार महत्त्व दिले होते. कोकणात आणि गोव्यात सीमेवर राखणदार मानतात. घाटमाथ्यावर एखादी घुमटी असते, तेथे गाडीवान उतरून नारळ ठेवी, पैसा टाकी आणि मग पुढे जाई. श्रद्धा बाजूला ठेवून विचार केला तरी ह्या रिवाजाने एक गोष्ट साधत असे: प्रत्येक वाटसरूला सीमेवर थांबावे लागे. आता आपली हद्द संपली आणि दुसऱ्याची लागली, ही जाणीव त्याच्या पायांना होत असे. जांबोटीच्या रानातून कणकुंबीला येणारा मनुष्य माउलीच्या देवळापाशी, मलप्रभेच्या उगमाशी, क्षणभर थांबला तर त्याच्या दिवसाचे काही बिघडत नाही.

मात्र ह्याच रिवाजांच्या इतिहासात एक काळी बाजू आहे आणि ती झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. ‘वाहनावरून उतरून चालावे’ हा संकेत आपल्या गावांनी सर्वांना सारखा लावला नाही. काही वस्त्यांतील माणसांनी पायातले वहाण हातात घेऊन जावे, त्यांच्या नवरदेवाने घोड्यावर बसू नये, असा दंडक कित्येक गावांनी लादला. आणि असा नवरदेव घोड्यावर बसला म्हणून त्याला खाली खेचल्याच्या बातम्या आजही देशाच्या निरनिराळ्या भागांतून येतात. मग आम्ही ज्या नम्रतेची शिफारस करीत आहोत ती ह्याच जातीची आहे काय? माझ्या मते दोन्हींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. दुर्बलाकडून सक्तीने वसूल केलेली नम्रता हा अपमान होय. बलवानाने आपण होऊन पत्करलेली नम्रता हे सौजन्य. गावातून जाताना स्वार हाच बलवान असतो. लोखंड त्याचे, वेग त्याचा, आणि निघून जाण्याची सोयही त्याचीच. म्हणून उतरावयाचे ते त्याने.

गावे सर्वस्वी निर्दोष असतात असे भाबडे चित्र रंगविण्याची मला इच्छा नाही. कर्नाटकात कित्येक ठिकाणी पीक मळण्यासाठी सरळ रस्त्यावर पसरतात, आणि त्यावरून दोन चाकांची गाडी घसरते. वाटेल तेथे, रंग न दिलेले गतिरोधक घालतात. शिमग्याच्या दिवसांत पोरे रस्त्यावर दोरी आडवी धरून पैसे मागतात. त्यात गंमत असते तशी कधीकधी अरेरावीही असते. ह्यांविषयी तक्रार करण्यास जागा आहे. पण त्या गतिरोधकांपैकी कित्येकांच्या मागे एखाद्या मुलाचा अपघात असतो, हेही विसरू नये.

ज्या वाचकांची कुलदैवते फोंड्याच्या परिसरात आहेत त्यांच्यासाठी ह्या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. मंगेश कुशस्थळीहून आला, शांतादुर्गा केळोशीहून आली, म्हाळसा वेर्ण्याहून आली. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या अमलाखाली देवळे पाडली जाऊ लागली तेव्हा भक्तांनी मूर्ती जुवारीपलीकडे, त्या वेळी आदिलशाहीत असलेल्या अंत्रुज महालात नेल्या. म्हणजे आपली दैवतेच एके काळी परगावच्या वाटेने, आसरा शोधीत गेली. ज्या गावांनी त्यांना जागा दिली ती गावे प्रियोळ, कवळे, म्हार्दोळ ह्या नावांनी आज आपल्या तोंडी आहेत. पण त्यांच्या त्या देण्याची आठवण आपल्याला कितपत असते? देवस्थानांचे बहुतेक महाजन आज मुंबईत, बेळगावात, कारवारात, नाहीतर परदेशात राहतात. वर्षातून एकदा येतात, अभिषेक करतात, प्रसाद घेऊन परततात. देव आपला आहे ह्यात शंका नाही. परंतु गाव आपले आहे असे त्यावरून ठरत नाही. ते गाव रोज तेथे झोपणाऱ्या-उठणाऱ्यांचे आहे: कुळागरात राबणाऱ्यांचे, फुले विकणाऱ्या बायांचे, त्यांत अन्य धर्माची कुटुंबेही आली. चोर्ल्याहून गर्जत उतरलेला आपला तरुण देवळाच्या पायरीशी बूट काढतो, हात-पाय धुतो, मुकाट्याने रांगेत उभा राहतो. त्याचे संस्कार शाबूत आहेत ह्याचे आपल्याला समाधान वाटते. पण शंभर पावले अलीकडे, फुलवालीच्या टोपलीवर धूळ उडवीत आला तोही हाच तरुण. देवळाच्या आवारात त्याला जे सुचते ते आवाराबाहेर का सुचू नये? देवासमोर तो नम्र असतो, कारण तेथे आपण मालक नाही हे त्याला पटलेले असते. फुलवालीसमोर तसे पटत नाही, कारण ‘आपल्या देवाच्या गावी’ आलो आहोत अशी त्याची समजूत असते. ही समजूत घरातील वडीलधाऱ्यांनीच दिलेली असते, आणि ती दुरुस्त करणेही त्यांच्याच हाती आहे.

एका गोष्टीचा विचार राहिला. वाटसरूच्या वागण्याचे फळ वाटसरूला भोगावे लागत नाही. ते मागून येणाऱ्याला भोगावे लागते. सीमाभागातील लोकांना हे चांगले समजते, कारण येथे वाहनाची पाटी वाचली जाते. कोणत्या राज्याची अक्षरे आहेत हे पाहून माणसे मनाशी काही ठरवितात, आणि निपाणीच्या बाजूने भरधाव आलेल्या एका उर्मट स्वाराचे ऋण पुढच्या आठवड्यात त्याच पाटीच्या एखाद्या सालस मनुष्याला फेडावे लागते. भूतानने २०२२ पासून भारतीय प्रवाशांवर रात्रीमागे बाराशे रुपये शुल्क बसविले आहे. पूर्वी आपल्याला ते नव्हते. त्या एका छायाचित्रामुळे हे शुल्क आले असे म्हणणे खोटे होईल; त्याचा कायदा गर्दीच्या आणि निसर्गरक्षणाच्या व्यापक विचारातून झालेला आहे. परंतु दोचुलाच्या खिंडीत आज एखादा मराठी तरुण मोटारसायकल उभी करतो तेव्हा तेथील रखवालदार त्याच्याकडे कोणत्या नजरेने पाहत असेल, ह्याची कल्पना करता येते.

ह्याच्या उलट गोव्यातील ‘पायलट’ पाहावा. पिवळ्या मडगार्डाच्या मोटारसायकलीवर मागे उतारू घेऊन हा मनुष्य वर्षानुवर्षे त्याच वाड्यांतून जातो. वाहन तेच, रस्ता तोच. शाळेपाशी तो आपोआप वेग कमी करतो, कारण कोणाचे मूल कोणत्या वेळी सुटते हे त्याला ठाऊक असते. म्हातारीला पाहून थांबतो, कारण उद्या तिलाच बाजारात न्यावयाचे असते. त्याच्यापाशी आपल्याहून अधिक विवेक असतो असे नाही. त्याला उद्या पुन्हा त्याच वाटेने यावयाचे असते, इतकेच. बेळगावहून चोर्ल्यामार्गे जाणाऱ्या आपल्या मुलांनाही पुन्हा त्याच वाटेने यावयाचे असते, निदान संध्याकाळी परतताना तरी. आणि तेव्हा कणकुंबीला अंधार पडलेला असतो, एखाद्याच्या गाडीचे चाक पंक्चर झालेले असते, आणि दार ठोठावावयाचे ते सकाळी ज्याच्या अंगणावरून आपण गेलो त्याचेच असते.